शिवारातला प्रश्न, शाळेतले संशोधन

दिवाळीची सुट्टी सरून शाळा पुन्हा भरू लागल्या, की तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाचे परिपत्रक मुख्याध्यापकांच्या मेजावर येते. आणि मग सेलू असो की सोनपेठ, पाथरी असो की पालम, सहावी ते आठवीच्या वर्गांत प्रकल्प कोणता करावा या एकाच चिंतेने शिक्षक, पालक आणि विद्यार्थी हे तिघेही ग्रासले जातात. या चिंतेचे निवारण बहुतेक ठिकाणी ठराविक रीतीने होते. बाजारातून थर्माकोल येतो, मोबाइलवर एखादी चित्रफीत शोधली जाते, वडील किंवा थोरला भाऊ रात्री जागून ज्वालामुखी, पवनचक्की किंवा आदर्श गाव उभे करतो, आणि दुसऱ्या दिवशी मूल परीक्षकांपुढे उभे राहून पाठ केलेली माहिती म्हणून दाखवते. यात श्रम सर्वांचेच खरे असतात, मुलाविषयीची कळकळही खरी असते. परंतु संशोधन या नावाला पात्र असे काही त्यात घडलेले नसते, कारण ज्याचे उत्तर त्या घरात, त्या वर्गात वा त्या गावात आधी कोणालाच ठाऊक नव्हते असा एकही प्रश्न या साऱ्या खटाटोपात कोणी विचारलेला नसतो.

अकरा ते चौदा वर्षांचे मूल असा प्रश्न विचारू शकते, त्याचे उत्तर स्वतःच्या हातांनी शोधू शकते, आणि ते उत्तर गावाच्या उपयोगीही पडू शकते, अशी माझी दृढ श्रद्धा आहे. आणि परभणी जिल्ह्यातील शिक्षक-पालकांनी या कामी मुलाच्या पाठीशी कसे उभे राहावे, विशेषतः कोठे पुढे व्हावे आणि कोठे हात आवरावा, हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. ही श्रद्धा निराधार नाही. १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात अवघ्या सोळा माध्यमिक-पूर्व शाळांतून एक विज्ञान-शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यात खेड्यातील सहावी ते आठवीची मुले पाठांतर सोडून प्रयोग आणि परिसरातील निरीक्षणे यांच्या साहाय्याने विज्ञान शिकू लागली, आणि हा उपक्रम पुढे अनेक जिल्ह्यांत पसरून तीस वर्षे चालला. त्याच १९७२ साली, मराठवाडा दुष्काळात होरपळत असताना, परभणीस कृषि विद्यापीठाची स्थापना झाली. ज्या जिल्ह्यात शेतीचे संशोधन ही रोजच्या व्यवहारातील गोष्ट आहे, जेथे 'परभणी क्रांती' ही भेंडी आणि 'परभणी मोती' ही ज्वारी संशोधकांच्या वाफ्यांतून निघून शेतकऱ्यांच्या शेतात गेली, तेथील मुलाला संशोधनाची ओळख थर्माकोलच्या ज्वालामुखीतून व्हावी, याचे मला फार वाईट वाटते.

मार्गदर्शकाचे पहिले काम प्रश्न शोधून देण्याचे नाही. ते ऐकण्याचे आहे. मुले प्रश्न विचारीतच असतात. फक्त ते प्रश्न 'विज्ञानाचे' आहेत हे त्यांना ठाऊक नसते आणि आपण त्यांकडे त्या दृष्टीने पाहात नाही. "सर, आमच्या हिरीचं पाणी मचूळ कामून लागतंय?", "बाई, आमची आजी म्हणती, पोतं आपटलं की सोयाबीन उगवत नाही, खरंय का?", "पेपरात परभणीचं तापमान दोन-दोन कसं येतं?" असे प्रश्न मधल्या सुट्टीत, शाळेच्या वाटेवर, जेवणाच्या पंगतीत सहज निघतात. वर्गात एक वही ठेवावी, तीत महिनाभर असे प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह लिहून घ्यावेत, आणि महिन्याच्या अखेरीस ती वही मुलांपुढे वाचून दाखवून त्यांना स्वतःच निवड करू द्यावी. शिक्षकाने सुचविलेला उत्तम प्रश्न आणि मुलाने विचारलेला मध्यम प्रश्न यांत निवड करावयाची झाल्यास दुसरा घ्यावा. कारण पुढचे दीड-दोन महिने रोजच्या नोंदीचा जो कंटाळवाणा भाग येणार आहे, तो केवळ स्वतःच्या प्रश्नाच्या ओढीनेच पार पडतो.

मात्र मुलाचा प्रश्न बहुधा फार मोठा असतो, आणि तो लहान करून देणे हे मार्गदर्शकाचे खरे कौशल्य होय. 'प्रदूषण', 'दुष्काळ', 'सेंद्रिय शेती' हे विषय आहेत, प्रश्न नव्हेत. प्रश्नात दोन गोष्टींची तुलना असावी, त्यातली एक तरी मोजता यावी, आणि ते माप मुलाच्या आवाक्यातील साधनांनी, शाळा सुटल्यावरच्या वेळात, शक्यतो गावच्या हद्दीतच घेता यावे, एवढ्या कसोट्या लावल्या तरी पुरे. आजीच्या सोयाबीनचा प्रश्न या कसोट्यांना पूर्णपणे उतरतो, म्हणून तोच उदाहरणादाखल तपशिलाने पाहू.

सोयाबीनच्या दाण्याचे कवच पातळ असते आणि आतला अंकुर त्या कवचाच्या अगदी लगत असतो; त्यामुळे मळणीत, वाहतुकीत वा पोते उंचावरून टाकल्याने त्यास इजा होते आणि दाणा दिसण्यात धडधाकट असूनही उगवत नाही. म्हणूनच घरचे बियाणे वापरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती तपासून घ्यावी असे कृषि खाते दर वर्षी पेरणीच्या आधी सांगत असते. ही तपासणी सातवीच्या मुलास सहज जमण्यासारखी आहे. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ दाणे घेऊन ते एकत्र मिसळावेत. त्यातून न निवडता, म्हणजे फुटका, बारीक वा सुरकुतलेला दाणा बाजूस न काढता, शंभर दाणे मोजून घ्यावेत. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडावे, आणि पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान गुंडाळी उलगडून निरोगी कोंब किती फुटले ते मोजावे. शंभरांत सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर बियाणे पेरणीयोग्य समजतात.

एवढे केले तर ती तपासणी झाली. तिचे संशोधन होण्यासाठी आजीचे म्हणणे मध्ये आणावे लागते. एकाच पोत्यातील बियाणे चांगले मिसळून त्याचे दोन वाटे करावेत. एक वाटा जपून ठेवावा, दुसरा लहान पिशवीत भरून ठराविक उंचीवरून, समजा शाळेच्या ओट्याएवढ्या उंचीवरून, फरशीवर दहा वेळा टाकावा. आणि दोन्ही वाट्यांतील शंभर-शंभर दाण्यांच्या गुंडाळ्या एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सारख्याच ओलीत ठेवाव्यात. ज्या वाट्याला काहीच केलेले नाही तो तुलनेसाठी का हवा, हे मुलाला व्याख्येने न सांगता प्रश्नाने उमजू द्यावे: "आपटलेल्यातले पस्तीस उगवले नाहीत, हे आपटल्यामुळेच कशावरून?" या प्रश्नापाशी मूल दोन दिवस अडकले तरी चालेल. मार्गदर्शकाने नेमके येथेच मौन पाळावे. कारण उत्तर सांगून टाकण्याचा मोह याच क्षणी सर्वांत प्रबळ असतो, आणि तो आवरला तर मुलाला जे सापडते ते जन्मभर विसरत नाही.

मग दुसरी शंका येते. शंभरांत बहात्तर आणि शंभरांत अडुसष्ट या दोन आकड्यांतील फरक खरा की योगायोगाचा? आठवीपर्यंतच्या मुलास संख्याशास्त्र शिकविण्याचे कारण नाही. परंतु एकाच वाट्यातून पुन्हा पुन्हा शंभर दाणे घेतले तर दर वेळी निराळा आकडा येतो, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. बीज परीक्षण प्रयोगशाळेतही एकदाच शंभर दाणे लावून निर्णय देत नाहीत, शंभर-शंभरांच्या चार संचांत चारशे दाणे लावतात. मुलांनीही प्रत्येक वाट्याच्या चार गुंडाळ्या कराव्यात आणि आठही आकडे तक्त्यात मांडावेत. चारही वेळा जपलेला वाटा पुढे राहिला तर आजीचे म्हणणे बळकट झाले. दोनदा हा आणि दोनदा तो पुढे राहिला तर तेवढ्या उंचीने फरक पडतो असे म्हणता येत नाही, आणि तसेच प्रामाणिकपणे लिहावे. या दुसऱ्या निष्कर्षाने प्रकल्प वाया गेला असे मुलास वाटू देऊ नये. अपेक्षित उत्तर न आल्यास आकडे 'दुरुस्त' करण्याची जी सवय आपल्या प्रयोगवह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, ती मोडण्याची हीच वेळ आहे. आणि ती मोडावयाची असेल तर शिक्षकाने गुण देताना अनुकूल निष्कर्षाला एक माप आणि प्रतिकूल निष्कर्षाला दुसरे, असा पक्षपात कटाक्षाने टाळला पाहिजे.

वर तापमानाचा जो प्रश्न आला, तोही आपल्या शहरापुरता फार मोलाचा आहे. थंडीच्या दिवसांत वृत्तपत्रांतून परभणीच्या किमान तापमानाचे दोन आकडे वाचावयास मिळतात, एक कृषि विद्यापीठाच्या वेधशाळेचा आणि दुसरा भारतीय हवामान विभागाचा, आणि त्यांत पुष्कळदा काही अंशांचे अंतर असते. दोघांपैकी कोणी चुकते आहे असा तर्क मूल प्रथम करते. वास्तविक विद्यापीठाच्या विस्तीर्ण, मोकळ्या शेतांत रात्री जमिनीची उष्णता जितक्या लवकर निघून जाते तितकी ती दाट वस्तीच्या भिंती-रस्त्यांतून जात नाही. हे मुलांना आधी सांगू नये. तीन-चार साधे तापमापक मिळवून एक शाळेच्या मैदानाकडेला, एक गल्लीत, एक शेतावर, एक पाणवठ्याजवळ, सर्व जमिनीपासून सारख्याच उंचीवर, साधारण चार फुटांवर आणि ऊन थेट न लागेल असे टांगावेत, व सूर्योदयापूर्वी ठरल्या वेळी वाचावेत. या आधी एक गोष्ट मात्र अवश्य करवून घ्यावी, आणि ती बहुतेक प्रकल्पांत राहून जाते: सर्व तापमापक एक रात्रभर एकाच खोलीत शेजारी शेजारी ठेवून ते परस्परांशी जुळतात की नाही हे पाहावे. त्यांतला एखादा अर्धा-पाऊण अंश जास्त दाखवीत असल्याचे आढळले, की मुलाला साधनावर आंधळा विश्वास ठेवू नये हा धडा कोणत्याही प्रवचनाशिवाय मिळतो.

रोजच्या नोंदीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण प्रकल्प तरतो किंवा बुडतो तो येथेच. जुन्या काळी गावोगावच्या पटवाऱ्यांची आणि गिरदावरांची पाहणीपत्रके असत. त्यांत जे शिवारात उभे राहून दिसले ते त्याच दिवशी लिहिले जावे असा दंडक असे, आणि तो दंडक जेथे पाळला गेला नाही तेथे कागद आणि जमीन यांचा मेळ कधीच बसला नाही. मुलाची नोंदवही अशीच असावी. ती शिवलेली असावी, सुटे कागद नकोत. पाने क्रमांकित असावीत. पेनाने लिहावे, आणि चुकलेला आकडा खोडून टाकण्याऐवजी त्यावर एकच आडवी रेघ मारून शेजारी नवा लिहावा. दिनांक, वेळ, ठिकाण, आभाळाची स्थिती आणि नोंद घेणाऱ्याची सही प्रत्येक नोंदीस असावी. एखाद्या दिवशी नोंद राहिली तर ती जागा कोरी ठेवून "लग्नाला गेलो होतो" असे कारण लिहावे. अंदाजाने भरू नये. प्रदर्शनासाठी ही वही पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवून काढण्याची पद्धत मला पूर्णतः अमान्य आहे. चिखलाचे बोट उमटलेली मूळ वहीच परीक्षकांपुढे ठेवावी, आणि जाणता परीक्षक असेल तर तो तक्ते व चित्रे बाजूस सारून प्रथम तीच हाती घेईल.

पाण्याच्या प्रश्नांना आपल्याकडे तोटा नाही. येलदरी आणि निम्न दुधना यांची धरणे जिल्ह्यात असूनही उन्हाळ्यात कित्येक गावांत पाण्याची ओढाताण होते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठराविक निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजते. गावातील पाच-सहा विहिरींची पातळी मुलांनी दर पंधरा दिवसांनी मोजली, तर त्या चार आकड्यांच्या मधली सारी हकीकत त्यांच्या वहीत उतरेल. दोरीला वजन बांधून, दोरीवर दर फुटास गाठ मारून हे माप घेता येते. माप नेहमी काठावरच्या एकाच खूण केलेल्या जागेपासून घ्यावे. पावसासाठी सरळ उभ्या बाजूंचे, सपाट तळाचे कोणतेही भांडे उघड्यावर ठेवून त्यातील पाण्याची खोली मिलिमीटरांत मोजावी. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, एवढे समजले की शाळेच्या छपरावरून किती पाणी वाहून गेले याचा हिशेब मुले आपण होऊन मांडू लागतात, आणि तो आकडा शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवण्यासारखा असतो.

येथे सुरक्षिततेविषयी निक्षून सांगितले पाहिजे. आपल्याकडील पुष्कळशा विहिरींना कठडा नाही. तेव्हा विहिरीचे माप मोठ्या माणसानेच घ्यावे आणि मुलाने लांब उभे राहून लिहावे, याला अपवाद करू नये. कपाशीत कामगंध सापळे लावून गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजणे हा मुलांना आवडणारा आणि शेतकऱ्यास उपयुक्त असा प्रकल्प आहे. सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग सापडले तर उपाययोजनेची वेळ आली असे मानतात, आणि हा आकडा मुलाने वेळेवर आणून दिला तर वडील तो कानामागे टाकणार नाहीत. परंतु फवारणी झालेल्या शेतात मुलाला पाठवू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ही गोष्ट अजून जुनी झालेली नाही. नदीपात्र, खदान, शेततळे येथे एकट्याने न जाणे, हे पालकांच्या लेखी संमतीपत्रातच नमूद करून घ्यावे.

संशोधन म्हणजे केवळ विज्ञान, असा समज करून घेण्याचे कारण नाही. चारठाण्याची प्राचीन मंदिरे आणि तेथील उंच स्तंभ, नेमगिरीची जैन लेणी, गोदाकाठचे धारासूरचे गुप्तेश्वर मंदिर ही ज्या जिल्ह्याची ठेव आहे, तेथील मुलाने एखाद्या स्तंभाची उंची त्याच्या आणि एका काठीच्या सावलीवरून काढली तर गणित व इतिहास दोन्ही एकाच दुपारी साधतात. मात्र दगडावर खडू लावू नये, तेल ओतू नये, चढू नये. वास्तूला हात न लावता जेवढे मोजता येईल तेवढेच मोजावे.

वृद्धांच्या मुलाखती हे तर अतिशय निकडीचे काम आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली. ती प्रत्यक्ष आठवणारी माणसे आता ऐंशी ओलांडून पुढे गेली आहेत, आणि प्रत्येक वर्षी त्यांची संख्या घटते आहे. १९७२ च्या दुष्काळाचे साक्षीदार अजून गावोगाव भेटतात. मुलाने जाऊन "आजोबा, दुष्काळाची माहिती सांगा" असे म्हटले तर जे भाषण मिळेल ते सर्वत्र सारखेच असेल. त्याऐवजी विचारावे: "आजोबा, तुम्ही खडी फोडायला कुठं जायचात? हप्ता कोण वाटायचं? मिलोची भाकर कशी लागायची? सुकडी कोणाला मिळायची? जनावरांचं काय केलं?" असे लहान, हाताने चाचपता येण्यासारखे प्रश्न विचारले की स्मृती आपोआप उघडते. तीन माणसांना वेगवेगळे गाठावे, एकत्र बसवू नये, कारण एकत्र बसले की सर्वांत वजनदार माणसाची आठवण सर्वांची होते. तिघांत एक तरी स्त्री असावी. खडीवर बायकाही होत्या आणि चुलीची हकीकत त्याच सांगू शकतात. कोणाची आठवण कोठे जुळते आणि कोठे विसंगत आहे, हे शेजारी शेजारी मांडणे हेच मुलाचे संशोधन. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि रझाकारांच्या काळाविषयी विचारताना एखादे दुःख उघडे पडले तर पुढचा प्रश्न न विचारता थांबावे, हे मुलाला आधीच समजावून ठेवावे. कोणाच्या घरी त्या काळचे कागद निघाले तर ते उर्दूत किंवा मोडीत असण्याचा संभव आहे. त्यांचे छायाचित्र घ्यावे, मूळ कागद घरातून हलवू नये.

कार्यालयांतून माहिती मिळवावयाची असेल, उदाहरणार्थ महसूल मंडळाचा पाऊस किंवा गावातील पीकक्षेत्र, तर मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचे पत्र देऊन मुलांनाच तलाठी वा कृषि सहायकाकडे पाठवावे. अर्जाचा मसुदा मुलांनी करावा. काय हवे, कोणत्या सालाचे हवे आणि कशासाठी हवे हे तीन ओळींत लिहिता येणे, हे शिक्षण लहान नाही. मिळालेल्या माहितीखाली ती कोणी, कोणत्या तारखेस दिली याची नोंद करावी. मोबाइलवर सापडलेल्या माहितीलाही हाच नियम लावावा, आणि जिचा कर्ता कोण हे सांगता येत नाही ती प्रकल्पात घेऊ नये. आता तर यंत्राला प्रश्न घातला की क्षणात पानभर सुरेख मजकूर मिळतो. पण आपल्या गावच्या विहिरीत काल किती पाणी होते हे त्याला ठाऊक असण्याचा संभव नाही, आणि प्रकल्पाचे सारे मोल त्या एका आकड्यात आहे.

लेखनाचे काम शेवटी येते आणि तेथे पालकांचा हात हमखास आत शिरतो. अहवाल मुलाच्याच भाषेत असावा. त्यात आम्ही काय विचारले, का विचारले, काय केले, काय दिसले, काय कळले नाही, एवढेच क्रमाने यावे. बोलीतला शब्द आला तर तो राहू द्यावा. शुद्धलेखन तपासावे, परंतु वाक्य बदलू नये, एखादे वाक्य समजत नसेल तर "म्हणजे काय?" असे विचारावे आणि मूल जे तोंडी सांगेल तेच त्याला लिहावयास सांगावे.

स्पर्धांच्या बाबतीत थोडक्यात. १९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद दहा ते सतरा वर्षे वयाच्या मुलांकडून स्थानिक प्रश्नांवरील प्रकल्पच मागते, आणि सहावी व नववीसाठी असलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेपुढे कृतिसंशोधन प्रकल्प असतो. तेथे अवश्य जावे, मात्र स्पर्धेच्या मुदतीसाठी प्रश्नाची मोडतोड करू नये. बक्षीस मिळो वा न मिळो, सोयाबीनचे आठ आकडे मृगापूर्वी गावातील शेतकऱ्यांना चावडीवर वाचून दाखवावेत, विहिरींचा तक्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, आणि ज्यांच्या आठवणी घेतल्या त्या आजी-आजोबांना त्यांचे शब्द घरी जाऊन ऐकवावेत व चुकले असेल ते त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यावे.

त्यानंतर त्या वह्या रद्दीत जाऊ नयेत याची तजवीज मुख्याध्यापकांनी करावी. शाळेच्या कपाटात त्यांच्यासाठी एक कप्पा राखावा, दर वहीस क्रमांक देऊन तिची नोंद जडसंग्रह रजिस्टरात करावी, आणि जूनमध्ये सातवीचा नवा वर्ग आला की ज्या विहिरींवर गेल्या वर्षी खुणा केल्या होत्या त्या विहिरींची यादी त्याच्या हाती द्यावी.